शेजारच्या रानातला पिंजरा

बशीरभाऊ, ही फोनवरची व्हाईस न्हाई. मंगल, माझी सून, वही घेऊन म्होरं बसलीया आन् मी बोलती तसं लिवून घेती. परवा दौंडला तुमचा चाळीसावा हाय. वैशाली म्हणाली, ग्रुपातल्या समद्यांनी तुमच्याबद्दल चार शब्द लिवून आणायचं, ती तिथं वाचणार. मी म्हणलं, माझी दुसरीपत्तुर शाळा, मी काय लिवू? तर म्हणती, "मावशे, तू बोल की. तुला बोलाय कवा शाळा लागली?"

म्हणून बसले. खरं सांगायचं तर नुसतं चांगलं-चांगलं बोलाय न्हाई बसले. पिंजऱ्याची एक गोष्ट मी तुम्हाला खोटी सांगितली होती. ती खरी करून सांगायची राहिली आन् तुम्ही गेला. ती ह्यात सांगायची हाय. पर एकदम तोंडातनं निघंना, म्हणून आधी आपलं रोजचं बोलती. तुम्ही बी तसंच करायचा. पयलं खोकडाचं सांगायचं, मग टिटवीचं, मग साहेबाचं, आन् अगदी शेवटाला हळूच, "आक्का, आज चालताना छातीत जरा भरून आलंवतं." तवाच मी तुमच्यावर वरडायला पायजे होतं. मी म्हणलं, आलं घालून च्या घ्या.

आपला ग्रुप वैशालीनं काढला. माझ्या भनीची लेक ती, रांजणगावात कंपनीत कंत्राटावर. कंपनीची गाडी तिला फाट्यावर सोडायची आन् तिथनं उसाच्या कडंनं दीड मैल चालत. म्हणून तिनं घोडकाठची आन् भीमाकाठची, शिरूर-दौंडातली वळखीची माणसं गोळा केली आन् नाव ठेवलं, "वाट मोकळी हाय का". कुणाला कुठं बिबट्या दिसला तर सांगायचं, एवढंच काम. तुम्हाला नूरीनं घातलं. नूरी आमच्या गावची लेक, म्हंजी तुम्ही गावचं जावई. तुमच्या लग्नात मी जेवले होते म्हणं, पर नवरदेवाचं तोंड काय माझ्या ध्यानात न्हाई. जेवाण ध्यानात हाय.

माझी पयली व्हाईस तुम्हाला आठवती का? मंगलनं शिकवलं, आत्या, हे माईक दाबायचं, वर सरकवायचं, बोलायचं आन् सोडायचं. मी दाबलं, सरकवलं, "पाटाजवळ पावलं उमटल्यात" एवढं बोलले आन् फोन कंबरंला खोचून खुरपाय गेले. त्यो बंदच झाला न्हाई. शेरडीला दिलेल्या शिव्या, गुडघ्याला दिलेल्या शिव्या, मंगलच्या कालवणात मीठ न्हाई म्हणून बांधावरच्या बायांफुडं केलेली गाऱ्हाणी, समदं त्यात. नंतर कवा तरी हात लागला आन् गेलं. गावात मंगलला तोंड दावायची चोरी झाली. ती दोन दिस माझ्याशी बोलली न्हाई.

बाकीच्यांनी हसायची चित्रं टाकली. तुम्ही तेवढं समदं ऐकलं. रूळाखालच्या पाण्याच्या मोरीवर बसून ऐकलं म्हणाला. आन् तुमची व्हाईस आली, "आक्का, मी नूरजहाँचा मालक, बशीर. सुनबाईच्या कालवणाला नावं ठिवू नका. तुम्ही मगाधरनं शिंकताय, तुमचं नाक बंद हाय. चव नाकात असती. आन् ती पावलं केवढी हुती, त्ये सांगायचंच राहिलं बघा."

त्या दिवसापासनं मंगल तुमची झाली. आता बी लिवता लिवता हसाय लागलीया.

तुम्ही रूळावर चालायचा. सकाळच्या पारी केडगावात उतरायचं, खांद्यावर हातोडा आन् पाना, काखंत झेंड्या, आन् रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी ठोकत जायचं. चालताना फोनला हात लावायचा न्हाई, ही तुमची शिस्त. मोरी आली की बसायचं आन् मग व्हाईस. मला तवर रेल्वे म्हंजी बसायची गाडी एवढंच ठाव. तुमच्यामुळं कळलं की तिच्या खाली एक माणूस रोज चालतो म्हणून ती चालती. तुमच्या मोरीत खोकडीनं पिलं दिली, ते तुम्ही गँगमधल्या कुणाला सांगितलं न्हाई, आम्हाला सांगितलं. भांडगावच्या माळावर लांडगं दिसलं ते सांगितलं. "आक्का, तीन होते. मधला लंगडत हुता. बाकी दोघं त्याच्यासाठी थांबायचे." मी म्हणलं, "लांडग्याचं मला नगा सांगू. ल्हान असताना माझं कोकरू नेलंय त्यानं." तर म्हणाला, "आक्का, मग तुमची जुनी वळख हाय म्हणा की."

आन् ती टिटवी. दोन रूळांच्या मधी खडीत अंडी घातली हुती बयानं. खडी ठोकायचं मशीन येणार हुतं. तुम्ही साहेबाला सांगाय गेला तर साहेब म्हणला, "बशीर, चार अंड्यांसाठी मी गाडी थांबवू का मशीन?" तुम्ही म्हणाला, "साहेब, काय बी थांबवू नका, फकस्त मला धा मिन्टं द्या." अंडी घमेल्यात खडीसकट उचलली, मशीन गेलं, परत तिथंच ठेवली. टिटवी डोक्यावर वरडून वरडून टोच्या मारतीय आन् तुम्ही डोक्याला हिरवी झेंडी गुंडाळून बसलाय. ते सांगताना तुम्ही इतकं हसला की खोकला लागला. साहेबानं मग तुमचं नाव "टिटवी" पाडलं. "चाळीस वर्सं होतील नोकरीला आक्का, आन् परमोशन काय मिळालं, तर टिटवी."

आम्ही बी आमचं सांगायचो. वैशाली सांगायची, सुपरवायझर संडासला गेलं तरी घड्याळ बगतो. मी सांगायची, रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत न्हाई. खुरप्यानं रेघा झिजल्या. पोरगा म्हणतो, "आजी, नीट दाबा." आता ह्याच्यापरीस नीट कसं दाबू? तुम्ही म्हणाला, तेल लावून बगा. मंगल म्हणाली, लिंबू लावा. कुणी म्हणलं, कपाळाला घासा. मी समदं करून बगितलं. यष्टी कवा सुटती, पुलावर पाणी आलंय का, कांद्याला भाव काय, कुणाच्या सुनंला पोरगी झाली, समदं त्याच ग्रुपात. बिबट्याचं काम हुतं, पर बिबट्या रोज थोडाच येतो. माणसाला रोज बोलायचं असतं.

माझ्या मालकाचं मी कुणाजवळ कवा बोलले न्हवते. लाईट राती यायची, ते मोटार चालू कराय गेले, स्टार्टरच्या पेटीला हात लागला, गेले. पोरगं पाळण्यात हुतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच पेटीजवळ जाऊन मोटार चालू केली, कारण पीक वाळत हुतं. एवढंच हाय ते. एकदा तुम्ही ईचारलं, "आक्का, दाजी कवा गेले?" आन् मी बोलून बसले. माणसं लगीच म्हणत्यात, अरेरे, लई वाईट झालं. तुम्ही म्हणाला, "पेटीला हात लावताना काय केलं तुम्ही?" मी म्हणलं, "पायात टायरचं चप्पल घातलं आन् वाळलेल्या काठीनं दाबलं." तुम्ही म्हणाला, "बरूबर." दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची व्हाईस आली, त्यात तुम्ही बोललाच न्हाई. मिनिटभर नुसता माळावरचा चंडोल गात हुता. ती मी किती येळा ऐकली ते सांगत न्हाई.

आपली भेट एकदाच. डोळं दावायला मी आन् मंगल केडगावला आलो, परतीच्या वाटंवर मंगलला ठेसन बगायचं हुतं, म्हणून बाकड्यावर टेकलो. एक बारका माणूस नारंगी जाकीट घालून निघाला हुता. मी ईचारलं, "भाऊ, हितं पाणी कुठं मिळंल?" त्यो थांबला. हातोडा खाली ठेवला. म्हणला, "आक्का?"

मी म्हणलं, "कोण तुम्ही?"

"अवो मी. टिटवी."

मला वाटलं हुतं तुम्ही चांगलं दांडगं उंच असाल. तसं म्हणले, तर तुम्ही म्हणाला, "आन् मला वाटलं तुम्ही लई जाड असाल. आवाजात वजन हाय." मंगल एवढी हसली की लोकं वळून बगाय लागली. मग बाकड्यावर बसलो आन् काय बोलावं ते सुचंचना. रोज तासतासभर बोलणारी माणसं, तोंडाकडं तोंड झालं तर गप. तुम्ही पेरू कापला, मीठ लावलं, दिला. मग तुम्ही उठला, फलाटाच्या टोकाला गेला, फोन काढला, आन् माझ्या पिशवीत टुंग वाजलं. "आक्का, तिकडं बसून बोलाय लाजल्यागत होतंय. पाहुणी कशी हाय?"

मी बाकड्यावरनं व्हाईस पाठवली, "बरी हाय. उसात हाय. दोन पिलं हायती तिला."

पाहुणी म्हंजी आमच्या उसातली बिबटीण. तुम्हीच नाव ठेवलं हुतं. तुमच्या लायनीवर बिबट्या नव्हता म्हणून माझ्या उसातली ती तुम्ही जणू आपली करून घेतली हुती. रोज ईचारायचा. मी पावलं बगून सांगायची, आज पाटानं गेली, आज बांधावर बसली हुती, पिलांची पावलं रुपयाएवढी. आधी मला जनावर म्हंजी नुसतं नुकसान. बगायचं असतं, हे मला तुम्ही शिकवलं. पासष्टीला आले तवा शिकले.

आता पिंजऱ्याचं.

दिवाळी होऊन गेली हुती. पाहुणीनं माझी गाभण शेरडी नेली. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणाला, "आक्का, वाईट झालं. गोठ्याला जाळी लावा, मी लायनीवरचं भंगार लोखंड कुठं मिळतं ते ईचारतो." ते मी सोसलं. शेरडं आधी बी गेली हायती. पर त्याच्या नंतरच्या सोमवारी दिवस मावळायच्या येळंला पिऊ, मंगलची लेक, नळाजवळ बसून चिखलाचं भांडं करत हुती. चार वर्साची पोर, उकिडवी बसलेली. मी चुलीफुडं. सहज वर बगितलं तर उसाच्या कडंला ती बसलेली. दहा हात बी न्हवतं मधी. पिऊकडं बगत हुती. मी हातातली परात चुलीच्या दगडावर आपटली आन् वरडत पळाले. ती उठली, सावकाश, जणू तिला काय घाई न्हवती, आन् उसात गेली. पिऊ मला म्हणती, "आजी, मनीमाऊ लई मोठी."

ते मी ग्रुपात सांगितलं न्हाई. तुम्हाला बी न्हाई. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, उकिडवं बसलेलं माणूस तिला जनावर वाटतं, पोराला एकटं सोडू नका. तुमचं खरं असतं. पर मला तवा खरं नको हुतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे लोक पिंजऱ्याचा अर्ज घेऊन आले. कुणाच्या रानात ठेवायचा, त्याची संमती लागती म्हणाले. मी म्हणलं, माझ्या ठेवा. अंगठा द्यायला मी शाईत बोट बुडवलं, आन् बशीरभाऊ, रेशनच्या मशीनवर कवा न उठणारा अंगठा कागदावर असा उठला की एकेक रेघ दिसत हुती. पिलं हायती, हे मला ठाव हुतं. वनखात्याच्या माणसानं ईचारलं बी, "आजी, पिलं दिसली का हितं?" मी म्हणलं, "न्हाई."

तिसऱ्या दिवशी पाहुणी पिंजऱ्यात. कुणीतरी व्हिडिओ टाकला. ती गजाला तोंड घासती आन् भवतीनं पोरं शिट्ट्या मारत्यात. तुमची व्हाईस आली. तुमचा आवाज बदललेला. "आक्का, ही आपलीच का वो? कुणाच्या रानात लावला पिंजरा?"

पिंजरा माझ्या उसात, पर बांधाला लागून हुता. मी म्हणलं, "शेजारच्या रानात, भाऊ."

एवढं म्हणले आन् फोन ठेवला. वाटलं, मिटलं. मग ग्रुपातलं एक म्हणलं, "सोपानतात्याचं रान हाय ते, त्याला अक्कल न्हाई." दुसरं म्हणलं, "पिलं असताना मागवला, पाप लागंल." सोपानतात्या आमचा शेजारी. त्याच्याकडं साधा डबडा फोन, त्यो ग्रुपात न्हाई. मी वाचून घेतलं मंगलकडनं आन् गप बसले. आठवडी बाजारात तात्याला कुणीतरी तोंडावर बोललं. त्यो मला ईचाराय आला, "हौसाबाई, त्यात माझं नाव कसं आलं गं?" मी म्हणलं, "लोकं काय बी बोलत्यात, तात्या." त्यो भोळा. च्या पिऊन गेला.

तुम्ही मातूर त्याला शिव्या दिल्या न्हाईत. तुम्ही म्हणाला, "त्याला बी कायतरी भ्या वाटलं असंल. वस्तीवर ऱ्हाणाऱ्यांना आपण काय सांगणार? पर आक्का, पिलांकडं लक्ष ठेवा." मी चुलीफुडं बसून ते ऐकलं. तवा सांगायला पायजे हुतं. दार तुम्ही उघडून ठेवलं हुतं.

आठवडाभरानं ऊस तोडणाऱ्यांना एक पिलू घावलं. वनखात्याची माणसं त्याला पिंजऱ्यातल्या आईकडं घेऊन गेली. दुसरं घावलं न्हाई. आन् तुमचं रोज सुरू झालं, "आक्का, दुसरं दिसलं का?" चिडून न्हाई, कुणाला टोचायचं म्हणून न्हाई, खरंच ईचारायचा. रोज. मोरीवर बसलं की पयलं तेच. मी म्हणायची, न्हाई भाऊ. पंधरा-वीस दिस म्हणलं. मग एक दिवस माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "भाऊ, तुम्ही क्वार्टरात ऱ्हाता, तुमच्या दाराला कडी हाय, कुंपणाला तार हाय. तुम्हाला पिलाची पडलीया. आमच्या पोरांची कुणाला पडलीया? परत मला ईचारू नका."

समद्या ग्रुपानं ऐकलं. अकरा दिवस तुमचा आवाज न्हाई. मी रोज सकाळी फोन उघडून बगायची आन् मंगलला काय वाटू नये म्हणून म्हणायची, बगती किती वाजलं.

बाराव्या दिवशी तुम्ही बोलला. "आक्का, मशीन परत आलं. टिटवी परत त्याच जागी. घमेलं पुसून ठेवलंय." पिलाचं नाव न्हाई, भांडणाचं न्हाई. मी म्हणलं, "डोक्याला झेंडी गुंडाळा." तुम्ही हसला. गाडी रूळावर आली असं तुम्हाला वाटलं असंल. मला बी तसंच दावायचं हुतं. त्याच्या नंतर तुम्ही दुसऱ्या पिलाचं कवा ईचारलं न्हाई. माझ्यासाठी ईचारलं न्हाई, हे मला कळत हुतं. रोज ईचारत हुता त्यापरीस ते जड.

आज सांगू, उद्या सांगू, असं करत महिने गेले. म्हणलं, तुम्ही रिटायर झाला की गावाला सासुरवाडीला याल, तवा बांधावर नेऊन जागा दावू. मग वैशालीचा फोन आला. तुम्ही ड्यूटीवरनं आला, अंगणात खुर्चीत बसला, नूरीला पाणी मागितलं, आन् ती पाणी घेऊन येईपत्तुर... वैशाली म्हणाली, मावशे, ऐकतीस का? मी म्हणलं, ऐकती. मी त्या दिवशी बी खुरपाय गेले. दुसरं काय करतात ते मला कवा कुणी शिकवलंच न्हाई.

तर भाऊ, पिंजरा शेजारच्या रानात न्हवता. माझ्या रानात हुता. अंगठा माझा हुता. पिलं हायती हे ठाव असून दिला. सोपानतात्याचा त्यात काय संबंध न्हाई. उद्या पिऊ तशीच नळाजवळ बसली आन् तिकडं तसं जनावर बसलं, तर मी परत अंगठा देईन, हे बी तुम्हाला सांगती. त्यात मी खोटं बोलणार न्हाई. तुम्ही भांडला असता, मी भांडले असते, ते बरं झालं असतं. ते भांडण तुमचं हक्काचं हुतं, ते मी तुम्हाला करू दिलं न्हाई.

मंगल लिवायची थांबली. तिला ह्यातलं अर्धं ठावच न्हवतं. डोळं पुसून म्हणती, "आत्या, पिऊसाठी केलं असं लिवू का म्होरं? म्हंजी लोकं काय म्हणायची न्हाईत."

मी म्हणलं, नको. पिंजरा पिऊसाठी मागितला. खोटं मातूर माझ्यासाठी बोलले.

परवा सकाळच्या यष्टीनं निघणार हाय. न्हावऱ्यावरनं चौफुला, तिथनं दौंड. सोपानतात्याला संगट घेतलाय. त्यो म्हणला, "मी कशाला येऊ गं? माझी त्या जावईबापूंची वळख न्हाई." मी म्हणलं, "त्यांना तुमची हाय. चुकीची हाय. ती बदलाय चला." त्याला काय कळलं न्हाई, पर धुतलेलं धोतार काढून ठेवलंय म्हणं.

वैशाली हे वाचंल तवा मी नूरीच्या शेजारी बसलेली असंन. वाचून होईपत्तुर उठणार न्हाई.